पीएसडी उघडताना आधी फॉन्टचं बघा

गिरगावातल्या मंडळाच्या बॅनरची पीएसडी (म्हणजे फोटोशॉपची मूळ फाइल) फोटोशॉपशिवाय कशी उघडायची आणि त्यातली तारीख कशी बदलायची, असं तुम्ही विचारलंत. कुणीतरी तुम्हाला गिंप हा चित्रं संपादित करायचा प्रोग्रॅम सुचवलाय; तो फुकट आहे, लेअरही (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) सुटे दिसतात. पण त्यात अक्षरांचा लेअर चित्र होऊन येतो, तारीख नव्याने टाइप करता येत नाही. त्यापेक्षा ब्राउझरमध्ये फोटोपी ही पीएसडी उघडणारी वेबसाइट उघडा आणि फाइल त्यात ओढून टाका. ती तुमच्याच मशीनवर राहते, कुठे अपलोड होत नाही.

खरी अडचण मराठी मजकुराची. आपले प्रेसवाले बरेचदा श्रीलिपीसारखे जुने, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेले फॉन्ट वापरतात. तो फॉन्ट तुमच्याकडे नसला की ‘सार्वजनिक गणेशोत्सव’च्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. घाबरू नका, फाइल बिघडलेली नसते. डिझायनरकडून फाइलबरोबर फॉन्टही हक्काने मागून घ्या. नाहीच मिळाला तर ती ओळ मुक्ता किंवा बालूमध्ये पुन्हा टाइप करा; मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे हे फॉन्ट सुरेख आहेत आणि फुकट मिळतात.

मात्र मूळ फाइलवर सेव्ह करू नका, आधी कॉपी काढा.