मदत हवी आहे : अण्णांचं इंजिन कोणतं? शनिवारच्या आत सांगा

पूर्णेकर_धाकटा : वडिलांची पंचाहत्तरी आहे. कंपाउंडच्या भिंतीवर त्यांचं इंजिन रंगवून घ्यायचंय. मालगाडीवर ड्रायव्हर होते. पेंटर शनिवारी येतोय, त्याला नमुना पाहिजे. नेटवर जुनं डिझेल इंजिन टाकलं की पन्नास प्रकार येतात. यातलं त्यांचं कोणतं? त्यांना विचारा म्हणू नका, सरप्राइज आहे.

लाईनबॉक्स : साल? शेड, म्हणजे इंजिनाचा डेपो कोणता? मीटरगेज (अरुंद रूळ) की ब्रॉडगेज (रुंद रूळ)? नुसतं मालगाडी म्हटल्यावर माणसानं काय सांगावं?

पूर्णेकर_धाकटा : पूर्णा जंक्शनला होते हो. आयडीत लिहिलंय की. परळीच्या थर्मल वीजकेंद्राला कोळसा न्यायचे. एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे.

अल्कोवेडा : कोळसा म्हणजे डब्ल्यूडीएम-२, ब्रॉडगेजचं डिझेल इंजिन, विषय संपला. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. १९६२ ला अमेरिकेतून आलं, १९६४ पासून वाराणसीत बनायला लागलं. डोळे झाकून रंगवा.

लाईनबॉक्स : तसंच रंगवलं जाईल मग. अहो, पूर्णा तेव्हा मीटरगेज. मनमाडकडचा पट्टा ब्रॉडगेज झाला नव्वदच्या दशकात. तोवर तिथं वायडीएम-४, मीटरगेजचं डिझेल इंजिन, सहा सिलिंडरचं. परळीला ब्रॉडगेज होती ती विकाराबादकडून. तेव्हा अण्णांचा कोळसा गेजबदलानंतरचा असणार, फोटो त्याआधीचा. इंजिनं दोन झाली.

अभ्यासू_नांदेड : शिवाय डब्ल्यूडीएममधला एम म्हणजे मिक्स्ड. गुड्सचं अक्षर जी. खास मालगाडीचं म्हणायचं तर डब्ल्यूडीजी-३ए, ३१०० अश्वशक्ती.

अल्कोवेडा : मराठवाड्यात निम्मा माल डब्ल्यूडीएमनंच ओढला. अक्षरं बघून डबे हलत नसतात.

लातूरचा_पाव्हणा : आमच्या मिरज-लातूर अडीच फुटी लाईनचं कुणी नाव घेत नाही. उतरून लघवीला जाऊन परत चढता यायचं.

लाईनबॉक्स : धागा इंजिनाचा आहे, पाव्हणं. धाकटे, फोटोत नंबर दिसतो का? चार आकडी की पाच आकडी?

पूर्णेकर_धाकटा : अण्णांच्या खांद्याआड गेलाय. पुढचा ६ दिसतो, मागे तीन आकडे असतील. हातात बांबूची मोठी रिंग आहे, ती कसली?

लाईनबॉक्स : टोकनची. सिंगल लाईन, टोकन हातात आल्याशिवाय पुढच्या सेक्शनात जायचं नाही. गाडी न थांबवता दंड पुढे करून रिंग झेलायची. माझ्या मामांच्या उजव्या दंडावर कायम काळानिळा वळ असायचा. रात्री दोनला ड्यूटीला बोलवणारा कॉलबॉय सायकलवर येऊन कडी वाजवायचा, मामी आधी डबा भरायची मग त्यांना उठवायची. ६ नं सुरू होणारा चार आकडी नंबर म्हणजे वायडीएम-४. केबिन टोकालाच आहे ना? डब्ल्यूडीएमला केबिनच्या पुढं आखूड नाक असतं.

पूर्णेकर_धाकटा : नाक नाही! सपाट आहे!

अल्कोवेडा : बरं, वायडीएम. पण धूर काढा. एकदम नॉच (ताकदीचा टप्पा) वाढवला की टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, गती घेईपर्यंत हवा कमी पडते, डिझेल जास्त होतं, मग काळा लोट. आठव्या नॉचला चढावर बघायचं होतं.

पूर्णेकर_धाकटा : रंग कोणता द्यायचा? फोटोत करडाच दिसतो सगळा.

अभ्यासू_नांदेड : शेडगणिक वेगळा. चुकलात तर अण्णांचे रिटायर दोस्त भिंतीपुढं उभं राहून तासभर भांडतील.

पूर्णेकर_धाकटा : पेंटर आजच येऊन गेला. न विचारता वर धुराडं आणि बाजूला मोठी चाकं काढून गेलाय. वाफेचं इंजिन!

लातूरचा_पाव्हणा : परभणीत ओळखीचा फ्लेक्सवाला आहे, देऊ का नंबर?