चौदा महिन्यांची मुलगी बसून सरकते, पण चालत नाही: पांगुळगाडा आणावा का?

शेवंती

नमस्कार. माझी मुलगी चौदा महिन्यांची झाली असून ती अजून चालत नाही. मान तिने वेळेवर धरली आणि आठव्या महिन्यात ती आधाराशिवाय बसू लागली, परंतु पालथे पडणे तिला कधीच मानवले नाही. पालथे घातले की ती रडून घर डोक्यावर घेत असे, म्हणून आम्हीही तो नाद सोडला. ती रांगली तर नाहीच. बसल्या बसल्या उजवा हात जमिनीला टेकवून, एक पाय पुढे ओढत ती सरकते, आणि तेही इतक्या वेगाने की स्वयंपाकघरातून निघालेली मुलगी देवघरातल्या समईपर्यंत पोहोचायच्या आत तिला उचलण्यासाठी धावावे लागते. अलीकडे दिवाणाला धरून ती उठून उभी राहते, पण पाऊल उचलत नाही. बगलेत हात घालून उभे करू गेले तर दोन्ही पाय वर ओढून घेते.

मी नोकरीला जाते आणि दिवसभर सासूबाई तिला सांभाळतात. त्या तिचे सगळे मायेने करतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र नणंदेचा मुलगा अकराव्या महिन्यात चालू लागल्यामुळे आता घरात रोज तीच तुलना ऐकावी लागते. पहिल्या वाढदिवसाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याने केक खाण्याआधी “चालते का?” एवढेच विचारले. सासूबाईंचे म्हणणे आहे की पांगुळगाडा आणावा, आणि नवऱ्याने मध्ये झोळीसारखी बैठक व समोर गाणी वाजवणारी बटणे असलेला गोल प्लास्टिकचा गाडा पसंतही करून ठेवला आहे. मालिशवाल्या मावशी म्हणतात की पायांत ताकद नाही, कॅल्शियमचे औषध सुरू करा.

यात खरोखर काळजी करण्यासारखे काही आहे का, पांगुळगाड्याने उपयोग होईल का, आणि दाखवायचेच तर कोणाला दाखवावे, याविषयी अनुभवी मंडळींनी लिहावे.

ऐसपैस

आमचे चिरंजीव सोळाव्या महिन्यात चालले. त्याआधी आमच्याही घरी अशाच बैठका भरत असत. आता त्याच्या मागे धावताना दम लागतो. निश्चिंत राहा.

हातपाय

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. ऐसपैस यांचा अनुभव खरा आहे, परंतु एका मुलाच्या अनुभवावरून दुसऱ्याच्या पालकांना निश्चिंत राहा असे सांगू नये, असे मला वाटते. कारण उशिरा चालणाऱ्या मुलांपैकी बहुतेक मुले अगदी निरोगी असतात, तर थोड्यांच्या बाबतीत उशीर हीच पहिली खूण असते, आणि या दोन गटांतला फरक मुलाला प्रत्यक्ष पाहिल्यावाचून कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ निरोगी मुलांच्या हालचालींची नोंद ठेवून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा आढळला. म्हणजे आपल्या नणंदेचा मुलगा आणि आपली मुलगी ही दोघेही त्याच मर्यादेत बसतात. त्याच पाहणीत सुमारे ४.३ टक्के मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तर २०२२ साली सुधारलेल्या आपल्या यादीतून रांगणे हा टप्पाच वगळला. मला व्यक्तिशः तो निर्णय फारसा पटलेला नाही, कारण रांगताना खांदे, मनगटे आणि कंबर यांना जो व्यायाम होतो तो अन्य मार्गाने सहज होत नाही. मात्र न रांगणे म्हणजे दोष नव्हे, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येईल.

आपण केलेले वर्णन बसून सरकणाऱ्या मुलांशी तंतोतंत जुळते. पालथे पडायचा कंटाळा, रांगणे नाही, आणि उचलून उभे केले की खुर्चीत बसल्यासारखे पाय समोर धरायचे, ही त्यांची ठरलेली लक्षणे आहेत. ही मुले सहसा इतरांपेक्षा उशिरा चालतात. काही दीड वर्षानंतर, तर काही दोन वर्षांच्या आसपास. बरेचदा आई-वडिलांपैकी किंवा काका-मावशीपैकी कोणीतरी लहानपणी असेच सरकत असे, त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा अवश्य विचारा. सरकून हवे तिथे पोहोचता येत असल्यामुळे उठून चालण्याची निकड त्यांना भासत नाही, हेही एक कारण आहे.

आता ज्या गोष्टी पाहायलाच हव्यात त्या सांगते. आपली मुलगी सरकताना उजवाच हात टेकवते असे आपण लिहिले आहे. त्या वेळी डावा हात खेळणे धरण्यासाठी मोकळा असतो की नुसताच मुठीत आवळलेला असतो? पोळीचा बारीक तुकडा ती दोन्ही हातांच्या चिमटीत सारख्याच सफाईने उचलते का? इतक्या लहान वयात एकाच हाताचा ठळक वापर दिसला तर दुसऱ्या बाजूची तपासणी करावी लागते. बगलेत धरून उचलल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात का, उभी राहताना ती सतत चवड्यांवर राहते का, लंगोट बदलताना मांड्या दोन्ही बाजूंना सारख्या उघडतात का, अंग नेहमीपेक्षा ताठ किंवा फार सैल वाटते का, आणि पूर्वी येत असलेली एखादी गोष्ट ती आता विसरली आहे का, हेही पाहा. यांपैकी काहीही आढळले तर दीड वर्षाची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे जावे. तसे काही नसेल तरीही अठरा महिने पूर्ण होऊन ती स्वतंत्रपणे चालत नसेल, तर तपासणी टाळू नये.

आणखी एक प्रश्न विचारायचा राहिला. मुलगी पूर्ण दिवसांची जन्मली होती का?

शेवंती

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. आज दोन्ही हात लक्ष देऊन पाहिले. सरकताना डाव्या हातात नेहमी काहीतरी धरलेले असते, बहुधा सासूबाईंच्या चष्म्याचे घर, आणि पोळीचा तुकडा ती दोन्ही चिमटींत उचलते. पाय कात्रीसारखे होत नाहीत. तिचा जन्म चौतिसाव्या आठवड्यात झाला होता. वजन आता व्यवस्थित असल्यामुळे त्या गोष्टीचा इथे काही संबंध असेल असे मनात आले नाही. आणि नवऱ्याच्या आत्याबाईंनी फोनवर सांगितले की तोसुद्धा लहानपणी “बूड घासत” घरभर फिरायचा. हे ऐकल्यापासून पांगुळगाड्याची घाई त्याच्या बाजूने तरी थोडी कमी झाली आहे.

हातपाय

संबंध चांगलाच आहे. चाळीस आठवड्यांना सहा आठवडे कमी असताना ती जन्मली, त्यामुळे विकासाचे टप्पे मोजताना तिच्या वयातून ते सहा आठवडे वजा करायचे असतात आणि ही वजाबाकी साधारण दोन वर्षांची होईपर्यंत चालू ठेवायची असते. त्या हिशेबाने ती आज साडेबारा महिन्यांची आहे, आणि आठव्या महिन्यातले तिचे बसणेही प्रत्यक्षात साडेसहा महिन्यांच्या आसपासचे ठरते. लसीकरण मात्र जन्मतारखेनुसारच करायचे, तिथे ही वजाबाकी लावू नका. अकाली जन्मलेल्या बाळाची एकदा नीट तपासणी व्हावी असे मी तरीही सुचवेन, कारण या मुलांच्या स्नायूंच्या ताणाकडे अधिक लक्ष ठेवावे लागते. कॅल्शियमचे औषध मावशींच्या सांगण्यावरून सुरू करू नये. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे पुष्कळ आढळते आणि तिच्यामुळे चालणे लांबू शकते, परंतु ते तपासून मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे.

त्या गोल गाड्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: तो आणू नका. त्याच्या झोळीत मूल लटकल्यासारखे बसते, अंगठ्यांनी जमीन ढकलते, आणि स्वतःचा तोल सांभाळण्याची वेळच त्याच्यावर येत नाही. चालताना वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यावे लागते, तेच नेमके तिथे शिकले जात नाही. शिवाय गाडा क्षणात मीटरभर पुढे जातो. जिना, गरम चहाचा कप, इस्त्रीची लोंबणारी वायर, सगळे काही मुलाच्या हाताशी येते. कॅनडाने २००४ साली अशा गाड्यांच्या विक्रीवर बंदी घातली ती याच अपघातांमुळे.

आजीची पोतडी

मी स्वतः आजी आहे, तेव्हा दुसऱ्या बाजूने थोडे लिहिते. शेवंतीताई, आपल्या सासूबाई पांगुळगाडा म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कोणता गाडा आहे, हे आधी विचारून घ्या. आमच्या पिढीत पांगुळगाडा म्हणजे तीन चाकांचा लाकडी गाडा. मुलाने मागे उभे राहून दांडी धरायची आणि तो ढकलत चालायचे. आम्ही सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेला गाडा आमच्या तिन्ही मुलांनी वापरला. त्यात मूल बसत नाही, स्वतःच्या पायांवर उभे राहते, त्यामुळे प्लास्टिकच्या गाड्याला घेतलेले आक्षेप त्याला तसेच्या तसे लागू होत नाहीत. मात्र तोही धरून दोन-चार पावले टाकता येऊ लागल्यावरच द्यावा, आणि गुळगुळीत फरशीवर तो सुसाट पुढे पळतो म्हणून कोणीतरी शेजारी असावे. आम्ही तो सतरंजीवर चालवायला देत असू आणि पुढच्या बाजूला वजन म्हणून तांदळाची पिशवी बांधत असू.

घरातल्या तुलनेविषयी एक सूचना आहे. इथे वाचलेले आकडे सासूबाईंना वाचून दाखवू नका. नातवंड दिवसभर सांभाळणाऱ्या बाईला संध्याकाळी ऑफिसातून येऊन कोणी नियम शिकवू लागले तर तिला ते लागते, आणि ते लागणे मला चुकीचे वाटत नाही. डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांनाच बरोबर घेऊन जा आणि मुलगी दिवसभर काय करते ते त्यांनाच सांगू द्या, कारण ते आपल्यापेक्षा त्यांना अधिक ठाऊक आहे. पुढचा सल्लाही डॉक्टरांनी त्यांनाच दिला तर तो पाळला जाईल. मूल किती वेळ कडेवर असते आणि किती वेळ जमिनीवर, हा प्रश्न डॉक्टर विचारतीलच. तो सुनेने विचारणे वेगळे आणि डॉक्टरांनी विचारणे वेगळे.

अंगणवाडीताई

कोणाला दाखवावे, या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे. नेहमीचे बालरोगतज्ज्ञ असतील तर सुरुवात तिथूनच करावी. खाजगी तपासण्यांचा खर्च परवडत नसेल, किंवा पुढे नियमित उपचारांची गरज लागली, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे चालतात आणि तिथे ही सेवा मोफत मिळते. हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला आणि त्याची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते, आणि विकासातील विलंब हा त्यातला स्वतंत्र विभाग आहे. या कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक अंगणवाडीत येऊन मुले तपासते. आपल्या भागातील अंगणवाडीत मुलीचे नाव नोंदवलेले असेल तर पथक केव्हा येणार ते तिथेच कळेल. गरोदरपणी मिळालेले माता-बाल संरक्षण कार्ड जपून ठेवले असेल तर सोबत न्या, म्हणजे जन्माच्या वेळची माहिती पुन्हा सांगावी लागणार नाही.

शेवंती

डॉक्टरांकडे जाऊन आलो, आणि आजींच्या सल्ल्याप्रमाणे सासूबाईंना बरोबर नेले होते. डॉक्टरांनी मांड्या, खुबे, पाठीचा कणा आणि पायांचा ताण तपासला, ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब लिहून दिले आणि वजाबाकी करून येणाऱ्या अठराव्या महिन्यात पुन्हा बोलावले आहे. त्या आधी काही बदल जाणवला तर तेव्हाच यायला सांगितले. सासूबाईंनी तिच्या सरकण्याचे वर्णन इतके बारकाईने केले की डॉक्टरांनी ते जसेच्या तसे लिहून घेतले. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. चालण्यासाठी म्हणून आवाज करणारे बूट मिळतात ते आणावेत का, आणि पायातले वाळे अडचणीचे ठरतात का? शिवाय रोज घरी तिच्याकडून काय करून घ्यावे, तेही हातपाय यांनी लिहिले तर बरे होईल.

हातपाय

घरात बूट नकोत आणि गुळगुळीत फरशीवर मोजेही नकोत. अनवाणी पायाची बोटे जमीन धरतात आणि तोल सांभाळायला त्यांचाच उपयोग होतो. बाहेर काटे-खडे असतील तिथे वाकणाऱ्या मऊ तळव्याचे बूट पुरतात. आवाजाची गरज नाही. वाळे सैल असून घुंगरू पक्के बसवलेले असतील तर चालण्याला त्यांची अडचण नाही, मात्र निघालेले घुंगरू मूल तोंडात घालते, म्हणून ते दर दोन-तीन दिवसांनी ओढून पाहावेत.

रोजच्या व्यायामासाठी वेगळा वेळ काढू नका. तिचे आवडते चष्म्याचे घर दिवाणाच्या कडेवर ठेवा आणि ती धरून उभी राहिली की ते हातभर बाजूला सरकवा, म्हणजे ते घेण्यासाठी तिला आडवे पाऊल टाकावे लागेल. पुढे पाऊल टाकण्याआधी मुले हेच शिकतात. सासूबाईंच्या मांडीवर घोड्यासारखे बसवून दोन्ही पाय जमिनीला टेकतील असे ठेवा आणि खालचे खेळणे उचलून पुन्हा सरळ व्हायला लावा. दोन्ही हात वर धरून तिला चालवू नका, तसे केल्याने ती पुढे झुकते आणि तोल आपल्या हातांवर सोडते. आधार द्यायचाच तर कमरेला द्या. मालिश चालू ठेवायला हरकत नाही, परंतु पाय ताणणे किंवा गुडघे दाबून सरळ करणे मावशींना थांबवायला सांगा. आणि पालथे झोपवण्याचा हट्ट आता सोडून द्या, त्याऐवजी उशीवर चढून पलीकडे उतरण्याचा खेळ खेळा, त्यात तिचे दोन्ही हात आपोआप टेकले जातील.

आजीची पोतडी

उशीऐवजी गादीची वळकटी घ्या. उशी खालून सरकते.