वीज-मोहिमेच्या पत्रकाला नाव काय द्यावं?

धरमपेठकर:
उन्हाळ्याआधी आपल्या प्रभागात घरोघरी पत्रक वाटायचं आहे. मसुद्यातला मथळा आहे ‘निवासी ऊर्जा कार्यक्षमता संवर्धन अभियान’. हे नाव घेऊन कोणाच्या दारात उभं राहायचं? मला ‘तेवढाच गारवा, कमी युनिट’ हवं. केंद्राची एलईडी बल्बची योजना २०१५ मध्ये ‘डेल्प’ म्हणून आली, पुढे ‘उजाला’ झाली. आज ‘डेल्प’ कोणाच्या तोंडी आहे? मजकुरातूनही ‘अवलंब करण्यात यावा’ काढा. ‘पंखा घेताना ताऱ्यांचं लेबल बघा’ एवढं पुरे.

निवृत्त_अभियंता:
साफ असहमत. आपण घरगुती नाव ठेवायचं आणि चौकशीला गेलेल्या माणसाला ते कुठल्याच कागदावर सापडायचं नाही. आधीच एकाच कामाला कोणी ऊर्जा संवर्धन म्हणतं, कोणी वीजबचत. त्यात आणखी भर कशाला?

महालची_सून:
निदान ‘बचत’ तरी नको. नागपुरात पारा ४५ च्या वर गेला की ‘वीज वाचवा’ म्हणजे ‘कुलर बंद करा’ असंच ऐकू येतं. घरात म्हातारी माणसं, लहान लेकरं असतात. त्यांना उकाड्यात बसवणारं पत्रक मी वाटणार नाही. वारा तेवढाच राहील, वीज कमी लागेल, हे पहिल्याच ओळीत आलं पाहिजे.

वायरमन_नंदनवन:
ताई बरोबर बोलून राहिल्या. पण भाऊ, कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या पंख्याला ‘बीएलडीसी’ म्हणतात, त्याचं मराठी करू नका. दुकानात लोकं त्याच नावानं पंखा मागतात. त्यापेक्षा हिशेब छापा. साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी ३० च्या आसपास. दिवसाला १५ तास चालला तर महिन्याला २० युनिट कमी, तेही एकाच पंख्यामागे.

निवृत्त_अभियंता:
हिशेबाला माझी हरकत नाही, अर्धवट हिशेबाला आहे. मसुद्यात नुसतं ‘पाच तारे’ लिहिलंय. ताऱ्यांचे निकष ठरावीक काळाने कडक होतात, त्यामुळे जुना पाच तारे असलेला एसी नव्या तक्त्यात खाली येतो. लेबलवर मुदत असते, ती बघायला सांगा. एसीच्या लेबलवरचे वार्षिक युनिट १६०० तासांच्या वापराचे असतात, हेही लिहा. सोपं करायच्या नादात चुकीचं छापलं, तर पुढच्या वर्षी आपलं पत्रक कोणी हातात धरणार नाही.

धरमपेठकर:
मुदत आणि १६०० तास, दोन्ही घालतो. अधिकृत नाव आणि ते कुठे शोधायचं, हे मथळ्याखाली बारीक अक्षरात देऊ. पण मथळा मी बदलणारच. लोकांनी पत्रक उघडलंच नाही, तर आतली अचूकता वाचणार कोण?

निवृत्त_अभियंता:
बारीक अक्षरात नको. मथळ्याएवढ्याच ठशात द्या, नाहीतर माझं नाव त्या पत्रकावर घालू नका.

वायरमन_नंदनवन:
ठसा कोणताही घ्या, पण होळीच्या आधी वाटा. कुलर त्याच सुमारास निघतात, पंख्याची खरेदीही तेव्हाच होते.