मोठा कॅम टाकला, आता कन्व्हर्टर किती स्टॉलचा घेऊ?

निळी_कूपे
नमस्कार मंडळी. ५.७ लिटरची स्मॉल ब्लॉक व्ही-एट, मागे टर्बो ३५० (हे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नाव, टर्बोचार्जर नाही) गिअरबॉक्स, डिफरन्शियलचा रेशो ३.०८, टायर २६ इंची. गेल्या महिन्यात कॅम (इंजिनच्या व्हॉल्व्हची उघडझाप ठरवणारा दांडा) बदलला, त्याच्या कार्डवर रेंज २२०० ते ५८०० आरपीएम लिहिलीय, कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) मात्र जुनाच कंपनीचा स्टॉक आहे. न्यूट्रलला आयडल ९०० वर मस्त धडधडतं पण ड्राइव्हमध्ये टाकलं की सुई धाडकन ६०० वर येते, ब्रेकवर पाय असताना गाडी पुढे ढकलत राहते आणि दोनदा तर सिग्नलला बंदच पडली. निघताना पण मेल्यासारखी निघते आणि मग एकदम जाग येते. ब्रेक दाबून थ्रॉटल दिला तर १७०० लाच मागची चाकं फिरायला लागली, म्हणजे माझा स्टॉल १७०० का? मित्र म्हणतो सरळ ३५०० चा टाक, पण मग ३५०० होईपर्यंत गाडी हलणारच नाही ना? रोजची गाडी आहे, कधीमधी ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ शर्यतीच्या ट्रॅकवर) नेतो.

गिअरतेल
भाऊ, आधी तो गैरसमज काढून टाका. ३५०० स्टॉल म्हणजे ३५०० ला गाडी हलते असं नाही. टर्बाइन (कन्व्हर्टरमधलं गिअरबॉक्सच्या बाजूचं चक्र) जागच्या जागी धरून ठेवलं आणि थ्रॉटल पूर्ण उघडला तर इंजिन जास्तीत जास्त जिथपर्यंत चढू शकतं तो आकडा म्हणजे स्टॉल. हलक्या पायाने चालवलं की गाडी त्याच्या कितीतरी आधी निघते, फक्त इंजिन आधीपेक्षा थोडं जास्त फिरतं.
आणि तुमचा १७०० हा खरा स्टॉल नाहीच, तिथे तुमचे ब्रेक हरले एवढंच कळलं. खरा आकडा ट्रान्सब्रेक (गिअरबॉक्सच आतून जाम करून धरणारी सोय) लावला की मिळतो. ती टेस्ट परत परत करू नका प्लीज, धरलेल्या गाडीत इंजिनची सगळी ताकद ऑइल तापवण्यात जाते, दोन-तीन सेकंदांत पाय काढायचा.
सिग्नलचा त्रास मात्र कन्व्हर्टरचाच. टाइट म्हणजे कमी स्टॉलचा कन्व्हर्टर आयडललाच इंजिनवर बोजा टाकतो आणि मोठ्या कॅमला खाली दमच नसतो. रेंज २२०० ला सुरू होते तर स्टॉल त्याच्या ३०० ते ६०० वर ठेवा, म्हणजे २५०० ते २८००.

पाव_मैल
आकडा पटला पण ३.०८ चं डिफ तसंच ठेवून नाही. हिशोब बघा, २६ इंची टायरवर १०० च्या स्पीडला इंजिन २५०० च्या आसपास फिरतंय, साध्या टर्बो ३५० ला लॉकअप (क्रूझला कन्व्हर्टर घट्ट जोडून घसरण थांबवणारा क्लच) नाही, त्यामुळे २८०० वाला कन्व्हर्टर हायवेला सतत थोडा घसरत राहणार आणि ती सगळी घसरण उष्णता होऊन ऑइलमध्ये जाणार. मी हे भोगलंय, लांबच्या चढानंतर डिपस्टिक काढली तर तेल तपकिरी आणि जळका वास, क्लच प्लेटा गेल्या होत्या. ३.७३ टाकलं तर त्याच स्पीडला ३००० होतील, कन्व्हर्टर पण सुखी आणि निघताना गाडी उडी मारेल. माझं मत विचाराल तर पैसे आधी डिफमध्ये घाला.

गिअरतेल
क्रूझला, म्हणजे एका स्पीडने चालताना, थ्रॉटल जेमतेम उघडा असतो, तेव्हा २८०० वाला पूर्ण २८०० घसरत नाही, म्हणून मी तुमच्याइतका घाबरणार नाही. पण वेगळा ऑइल कूलर आणि टेम्परेचर मीटर हवाच, रोज ८०-९० डिग्रीच्या आत राहिलं तर काळजी नको.

निळी_कूपे
बापरे, कूलर डोक्यातच नव्हता. ३.७३ चा विचार करतो. अजून एक, पुढच्या वर्षी सुपरचार्जर (इंजिनमध्ये जास्त हवा कोंबून टॉर्क वाढवणारा) बसवायचा विचार आहे, मग तेव्हा परत कन्व्हर्टर घ्यावा लागेल का?

पाव_मैल
हे आधी सांगायला हवं होतं दादा! खोक्यावरचा स्टॉलचा आकडा एकट्या कन्व्हर्टरचा नसतोच, तो ठरावीक टॉर्कच्या इंजिनमागे मोजलेला असतो. तोच कन्व्हर्टर जास्त टॉर्कच्या मागे लावला की स्टॉल वर सरकतो, साधारण टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. टॉर्क ३० टक्के वाढला तर स्टॉल १४ टक्के, म्हणजे आजचा २६०० उद्या २९००-३००० होईल. त्यामुळे नुसतं 'अठ्ठावीसशे द्या' म्हणून ऑर्डर देऊ नका, बनवणाऱ्याला गाडीचं वजन, कॅम कार्ड, डिफ, टायर आणि सुपरचार्जरचा बेत सगळं सांगा. चांगला बनवणारा हे स्वतःहून विचारतो, न विचारता आकडा सांगणाऱ्याकडून मी तरी घेणार नाही.

गिअरतेल
+१. मग आत्ता २५०० कडे झुकलेला घ्या, पुढे तो आपोआप वर जाईल. आणि बसवताना घाई नको. आधी कन्व्हर्टरमध्ये थोडं ऑइल ओता, मग ढकलत ढकलत फिरवा, खटक खटक करत तो टप्प्याटप्प्याने आत जातो आणि शेवटचा टप्पा गिअरबॉक्सच्या ऑइल पंपाचा असतो. गिअरबॉक्स इंजिनला टेकवल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनमागची चकती, जिला कन्व्हर्टर बोल्टने जोडतात) ३ ते ५ मिमी गॅप दिसली पाहिजे. गॅपच नसेल तर बोल्ट आवळून ओढून घेऊ नका, तो पंपात बसलेला नाही, सुरू करायच्या आतच पंप फुटेल. सगळं उतरवा आणि परत बसवा.