मदत हवी आहे: अमेरिकेत ओटी मास्टर्सचा अर्ज, प्रीरिक्विझिट आणि ऑब्झर्वेशन अवर्स (तातडीचं)

विदर्भकन्या
नमस्कार मंडळी. ऑक्युपेशनल थेरपीच्या (ओटी) मास्टर्ससाठी ओटीकॅस या सामाईक पोर्टलवर अर्ज भरते आहे आणि मध्येच अडकले. शेवटची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. प्रीरिक्विझिटमध्ये, म्हणजे आधीच शिकलेले असावे लागतात त्या विषयांत, अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजी १ आणि २, स्टॅटिस्टिक्स, डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी, अ‍ॅबनॉर्मल सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी असं सगळं सुटं सुटं मागितलंय, प्रत्येकाचे क्रेडिट आणि ग्रेडसकट. आपल्याकडे वर्षाचे मार्क असतात, क्रेडिट कुठून आणू? दुसरं म्हणजे ऑब्झर्वेशन अवर्स. ओटी थेरपिस्टच्या शेजारी उभं राहून नुसतं बघितल्याचे तास हवेत, खाली त्या थेरपिस्टची सही. तसे माझ्याकडे शून्य आहेत. कन्सल्टंट म्हणून राहिला की आधी ऑनलाइन कोर्स करा, तास भरा, पुढच्या वर्षी अर्ज करा. मला वर्ष घालवायचं नाही, घरी तसं सांगूही शकत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया नेमकं सांगा. शोधून सगळं वाचून झालंय, त्यामुळे "गुगल कर" नको.

गोदाकाठ
क्रेडिटची चिंता तुम्ही करू नका. डब्ल्यूईएस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून कोर्स-बाय-कोर्स इव्हॅल्युएशन करून घ्या. तेच मार्कांचे क्रेडिट आणि ग्रेड करून देतात. साधं डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट घेऊ नका, त्यात विषयवार काहीच येत नाही, पैसे फुकट जातात. पण ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट त्यांच्याकडे जावं लागतं. एका आठवड्यात हे होणं कठीण आहे. तुमचं विद्यापीठ कोणतं?

मस्त_कलंदर
ओटी टेक्निशियनला गल्फमध्ये चांगली मागणी आहे. माझा मेहुणा मस्कतला आहे. ऑपरेशन थिएटरचा डिप्लोमा आणि दोन वर्षांचा अनुभव असला की पुरतं, अमेरिकेच्या मागे कशाला लागता?

गोदाकाठ
@मस्त_कलंदर, इथे ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, व्यवसायोपचार: आजारपणात किंवा अपंगत्वात रोजची कामं जमावीत म्हणून दिलेली थेरपी. ऑपरेशन थिएटर नाही.

पार्लेकर_निशा
ऑब्झर्वेशनसाठी मुंबईत असाल तर केईएम, सायन, नायर तिन्हीकडे ओटीचे विभाग आहेत, हाजीअलीला एआयआयपीएमआर ही पुनर्वसन संस्था आहे. विभागप्रमुखांना पत्र लिहून विचारा. माझ्या भाचीने सायकॉलॉजीत बीए केलं आणि तिने असेच तास भरले. एकाच ठिकाणी सगळे भरू नका. थोडे लहान मुलांच्या सेंटरवर, थोडे न्यूरो वॉर्डात, थोडे मानसोपचारात, असे वाटून घ्या. तिला मुलाखतीत त्यावरच सगळ्यात जास्त विचारलं.

दूरदेशी
घाई करा एवढंच सांगतो. २०२७पासून अमेरिकेत ओटीचं मास्टर्स बंद होणार आहे, फक्त डॉक्टरेट राहणार. आता नाही घेतलं तर मग तीन वर्षांचं ओटीडी, म्हणजे ओटीची डॉक्टरेट, आणि त्याची फी.

सायली_एनजे
@दूरदेशी, हे जुनं झालं हो. २०१७ मध्ये एकोटने, म्हणजे इथल्या ओटी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेने, तसं जाहीर केलं होतं खरं, पण त्यावर खूप विरोध झाला, निर्णय थांबवला गेला, आणि २०१९ मध्ये मास्टर्स आणि डॉक्टरेट दोन्ही दारं उघडी ठेवायचं ठरलं. कन्सल्टंट लोक अजून हीच तारीख दाखवून मुलांना घाबरवतात आणि महागड्या ओटीडीच्या गळ्यात बांधतात. मला याची फार चीड आहे.

@विदर्भकन्या, उत्तर द्यायच्या आधी दोन गोष्टी सांगा. तुमची पदवी कशात आहे? आणि तुम्ही भरताय तो प्रोग्राम एंट्री-लेव्हल (ओटी न शिकलेल्यांसाठी) आहे की पोस्ट-प्रोफेशनल (ओटीची पदवी असलेल्यांसाठी)?

ठाण्याचे_काका
बेटा, माझं ऐकशील तर फिजिओथेरपी घे. ओटी काय असतं ते आपल्या लोकांना सांगावं लागतं, फिजिओ सगळ्यांना कळतं.

विदर्भकन्या
@सायली_एनजे, पदवी बीओटीएचच आहे, म्हणजे ओटीचीच, म्हणून तर ओटीत मास्टर्स करतेय ना! विद्यापीठ एमयूएचएस (महाराष्ट्राचं आरोग्य विद्यापीठ), कॉलेज नागपूरचं. इंटर्नशिप झाली, त्यानंतर दोन वर्षं लहान मुलांच्या सेंटरवर काम करते आहे, ऑटिझम आणि सेरेब्रल पाल्सीची मुलं. एंट्री-लेव्हल की काय ते मला माहीत नाही. कन्सल्टंटने चार कॉलेजांची यादी दिली, चारही ओटीकॅसवर दिसतात.

सायली_एनजे
हेच पहिल्या पोस्टमध्ये असतं तर वरचे निम्मे प्रतिसाद वेगळे आले असते. आता नीट वाचा, घाईत अर्ज दाबू नका.

ओटीकॅसवर बहुतेक प्रोग्राम एंट्री-लेव्हल असतात. ज्यांनी ओटी कधीच शिकलेली नाही, म्हणजे सायकॉलॉजी, बायोलॉजी, अगदी साहित्य घेऊन आलेली मुलं, त्यांच्यासाठी ते आहेत. म्हणूनच त्यांना अ‍ॅनाटॉमीचा पेपर आणि ऑब्झर्वेशनचे तास लागतात: ही व्यक्ती निदान बघून तरी आली आहे ना, एवढीच खात्री करायची असते. तुम्ही साडेचार वर्षं हेच शिकलात, वॉर्डात स्वतः पेशंट हाताळलेत. तुम्हाला तास कशाला हवेत?

तुमच्यासाठी पोस्ट-प्रोफेशनल मास्टर्स किंवा पोस्ट-प्रोफेशनल ओटीडी असतं. तिथे अट असते ती ओटीची पदवी असण्याची. बरेचसे अर्ज त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर घेतले जातात, प्रीरिक्विझिटची ही लांबण नसते, कालावधीही कमी. मी स्वतः मुंबईहून बीओटीएच करून असाच आले.

मात्र एक गोष्ट कॉलेज सांगत नाही. नुसती मास्टर्सची पदवी घेऊन इथे प्रॅक्टिस करता येत नाही. एनबीसीओटी या ओटींना प्रमाणपत्र देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची परीक्षा द्यावी लागते, आणि बाहेरच्या देशात ओटी शिकलेल्यांची पात्रता ते आधी ओटीईडी नावाच्या प्रक्रियेतून तपासतात. तुमचा मूळ अभ्यासक्रम डब्ल्यूएफओटीमान्य (ओटीच्या जागतिक फेडरेशनची मान्यता असलेला) होता का, फील्डवर्क, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटबरोबरचं प्रशिक्षण, किती झालं, पदवीचा स्तर काय, सगळं बघतात. तेव्हा तुमचं बीओटीएच आणि नवं मास्टर्स मिळून त्या अटीत बसतं का, हे फी भरायच्या आधी एनबीसीओटीला लिहून विचारा. कॉलेजच्या तोंडी भरवशावर राहू नका. परीक्षेनंतर ज्या राज्यात काम करायचं तिथलं लायसन्स वेगळं. आणि पुढे नोकरीच्या व्हिसासाठी किंवा ग्रीन कार्डासाठी व्हिसास्क्रीन हे परदेशात शिकलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या तपासणीचं प्रमाणपत्रही लागतं, नर्सेसना लागतं तसंच.

ह्यूस्टनहून_अमेय
सायलीताईंशी अर्धा सहमत. मीही बीओटीएच, तरी मी मुद्दाम एंट्री-लेव्हल एमओटी (मास्टर्स) केलं आणि पुन्हा करायचं झालं तरी तेच करेन. एकोटमान्य कॉलेजातून एंट्री-लेव्हल झालं की ओटीईडीची भानगड नाही, थेट एनबीसीओटी. त्यात २४ आठवड्यांचं लेव्हल टू फील्डवर्क असतं, पूर्ण वेळ. इथलं डॉक्युमेंटेशन, इन्शुरन्सला थेरपी का हवी ते पटवून देणं, स्कूल सिस्टीममध्ये आयईपीच्या (विशेष गरजा असलेल्या मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याच्या) मीटिंगला बसणं, हे सगळं मी तिथे शिकलो. माझ्या बरोबरीच्या पोस्ट-प्रोफेशनलवाल्यांना पहिली नोकरी मिळताना हे नडलं.

सायली_एनजे
अमेय, तुमचं फील्डवर्कबद्दल खरं आहे. पण ज्या विषयात आपण पदवीधर आहोत तोच पहिल्यापासून शिकायला परदेशी विद्यार्थ्याच्या दराने दोन-अडीच वर्षांची फी भरायची? हिच्या घरून कर्ज काढावं लागणार असेल तर मी हो म्हणणार नाही. काही पोस्ट-प्रोफेशनल प्रोग्राममध्येही फील्डवर्क घेता येतं, ते आधी विचारून घ्यायचं.

ह्यूस्टनहून_अमेय
पैशाचा हिशोब प्रत्येकाचा वेगळा. मी ग्रॅज्युएट असिस्टंटशिप मिळवली होती. फक्त "एंट्री-लेव्हल म्हणजे फसवणूक" असं चित्र जाऊ नये, म्हणून लिहिलं.

लेस्टरकर
अमेरिकेचाच हट्ट का? यूकेत बीओटीएचवर थेट एचसीपीसीकडे, म्हणजे थेरपिस्टची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे, आंतरराष्ट्रीय अर्ज करता येतो, मास्टर्सची गरजच नाही. आयएलटीएसमध्ये एकूण ७ आणि कुठल्याही भागात साडेसहाच्या खाली नको. हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसात ओटी बसते. तिथलं प्री-रजिस्ट्रेशन एमएस्सी मात्र घेऊ नका, ते दुसऱ्या विषयातून येणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडचे एजंट तेही विकतात.

टोरांटो_मावशी
कॅनडातही तसंच गं. ऑर्पास या तिथल्या प्रवेश पोर्टलवर अर्ज करून ओंटारिओतलं मास्टर्स करायची तुला गरज नाही. एकोट्रो या इथल्या ओटी नियामकांच्या संघटनेचं एसईएएस, म्हणजे तुझं शिक्षण इथल्याच्या तोडीचं आहे का याची तपासणी, आणि मग एनओटीसीई ही ओटीची राष्ट्रीय परीक्षा. वेळ लागतो, कागद पुन्हा पुन्हा मागतात, पण काम करायला येणारीला हाच रस्ता आहे. तुला शिकायचंय की काम करायचंय, ते आधी स्वतःशी ठरव.

नागपुरी_संत्रं
आणि इथेच राहिली तर? सीईटी सेलची पीजीओ सीईटी ही प्रवेश परीक्षा दे, एमओटीएच (ओटीतलं मास्टर्स) कर. बालविकासात आपल्याकडे माणसं नाहीत. माझ्या मुलाला आठवड्यातून दोनदा थेरपीसाठी ७० किलोमीटर न्यावं लागतं. प्रत्येक हुशार मुलगी बाहेर चालली की आमच्यासारख्यांनी जायचं कुठे?

विदर्भकन्या
@नागपुरी_संत्रं, तुमचं म्हणणं मला लागलं. आमच्या सेंटरवरसुद्धा वेटिंग लिस्ट आहे, रोज बघते मी. मला सेन्सरी इंटिग्रेशन (स्पर्श, आवाज, हालचाल अशा संवेदनांवर काम करणारी थेरपी) आणि शाळेत थेरपी कशी देतात ते नीट शिकायचंय, आपल्याकडे शाळेत ओटी जवळपास नाहीच. परत यायचंच नाही असं मी ठरवलेलं नाही.

@टोरांटो_मावशी, शिकायचंय, आणि कर्ज फिटेपर्यंत कामही करायचंय. म्हणून अमेरिका.

दूरदेशी
मग प्रोग्रामचा सीआयपी कोडही (अभ्यासक्रमाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक) विचारून घ्या. तो एसटीईएम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत नसेल तर पदवीनंतर ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर काम करायची परवानगी, एकच वर्ष मिळतं. कर्जाचा हप्ता आणि परीक्षा त्या वर्षात बसवायची तर ओटीईडीची कागदपत्रं शिकत असतानाच सुरू करावी लागतील.

जुना_वाचक
ओटीचा विषय निघाला म्हणून सांगतो. भारतात ओटीची पहिली शाळा १९५० साली केईएममध्ये निघाली ती कमलाबाई निंबकरांमुळे. मूळच्या अमेरिकन, लग्न करून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. १९५२ साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली तीही त्यांच्याच पुढाकाराने, आणि त्याच वर्षी जागतिक फेडरेशनच्या संस्थापक देशांत भारत होता. नागपूरच्या मुलीने हे माहीत ठेवावं.

पार्लेकर_निशा
फलटणचे निंबकर ते हेच का?

जुना_वाचक
हो. शेतीसंशोधक बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव. आणि इरावती कर्व्यांच्या कन्या जाई निंबकर त्यांच्या सूनबाई.

चिंचवडचा_राहुल
विषयांतराबद्दल माफ करा, पण इथे इतके ओटी आहेत म्हणून विचारतो. आईला पॅरालिसिसचा झटका येऊन गेला, उजवी बाजू गेली. फिजिओ येतात, चालणं थोडं सुधारलं. पण ब्लाउज घालणं, वेणी घालणं, भाकरी करणं काहीच जमत नाही आणि ती रडते. यासाठी ओटी बघायची का?

सायली_एनजे
राहुल, हो, नेमकं हेच ओटीचं काम. फिजिओ चालू ठेवा, जोडीला ओटी घ्या. ज्या हॉस्पिटलात दाखवलं तिथल्या न्यूरोच्या डॉक्टरांना ओटीचं नाव विचारा. तोवर एक करा: कपडे घालताना आधी लुळा हात बाहीत, काढताना आधी चांगला हात बाहेर. ब्लाउजला हुकांऐवजी पुढून वेल्क्रो लावून घ्या. वेणीची घाई नको. आणि लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो.

चिंचवडचा_राहुल
मनापासून आभार ताई. आजच वेल्क्रो आणतो.

विदर्भकन्या
चारही कॉलेजांच्या पानांवर जाऊन बघितलं. तीन एंट्री-लेव्हल निघाली. चौथ्याचं पोस्ट-प्रोफेशनल वेगळं आहे, त्याची तारीख अजून दोन महिने लांब आहे आणि अर्ज त्यांच्याच पोर्टलवर. ओटीकॅसचा अर्ज सोडून देते आहे. त्यांच्या प्रोग्राम डायरेक्टरना आणि एनबीसीओटीला, दोघांना मेल करते. डब्ल्यूईएस आजच सुरू केलं.

शेवटचं एक विचारते. इंटर्नशिपचं सर्टिफिकेट एका ओळीचं आहे, "सहा महिने समाधानकारकरीत्या पूर्ण". ते चालेल का?

ह्यूस्टनहून_अमेय
नाही चालणार. कॉलेजच्या लेटरहेडवर इंग्रजीत वेगळं पत्र घ्या: कुठल्या विभागात किती आठवडे, किती तास, पेशंट कसले, कोणाच्या देखरेखीखाली, त्यांचा हुद्दा. चार वर्षांतल्या क्लिनिकल पोस्टिंगचे तासही त्याच पत्रात वर्षवार मांडून घ्या. डब्ल्यूएफओटीची किमान अट १००० तासांची आहे, एकूण बेरीज त्याच्या वर दिसली पाहिजे.

सायली_एनजे
आणि अभ्यासक्रमाची संपूर्ण प्रत, तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीचीच, प्रत्येक पानावर कॉलेजचा शिक्का मारून घ्या. पत्राच्या तीन-चार मूळ प्रती एकदमच सह्या करून घ्या, प्राचार्य बदलले की पुन्हा पहिल्यापासून फेऱ्या. मेलचं उत्तर आलं की इथे टाका, मी वाचून सांगते.

विदर्भकन्या
उद्या सकाळीच कॉलेजला जाते. पत्राचा मसुदा रात्री इथे टाकते.