थुंकी एकाची, माहिती अख्ख्या घराण्याची?

कडकलक्ष्मी:
न्यू जर्सीतल्या माझ्या भावाने हौस म्हणून डीएनए चाचणीसाठी एका कंपनीला थुंकीचा नमुना पाठवला. सख्ख्या भावंडांचा सरासरी निम्मा डीएनए सारखा असतो, म्हणजे माझीही बरीच माहिती तिकडे गेली. मला विचारलं कुणी? ट्वेंटीथ्रीअँडमी या थुंकीवरून डीएनए तपासणाऱ्या अमेरिकी कंपनीचं प्रकरण आठवा. २०२३ मध्ये चोर शिरले सुमारे १४ हजार खात्यांत, पण 'नातेवाईक शोधा' या सोयीतून माहिती फुटली जवळजवळ ६९ लाख लोकांची. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दीड कोटी ग्राहकांची जनुकीय माहिती विक्रीला निघाली. माझ्या मते घरच्यांना न विचारता ही चाचणी करणं गैर आहे.

टवाळभैरव:
उद्या भावाने पत्रिका दाखवायलाही तुमची सही घ्यायची का? शरीर त्याचं, पैसे त्याचे. कॅलिफोर्नियातला जोसेफ डीअँजेलो १३ खून करून चाळीसेक वर्षं मोकळा फिरत होता. २०१८ मध्ये सापडला तो जीईडीमॅच या वंशावळ शोधायच्या संकेतस्थळावर त्याच्या दूरच्या नातेवाइकांचा डीएनए होता म्हणून. त्यांनी आधी सगळ्या चुलत-मावस भावंडांची परवानगी मागत बसायला हवं होतं?

कडकलक्ष्मी:
त्या नातेवाइकांनी वंशावळ शोधायला माहिती टाकली होती, पोलिसांसाठी नाही. ओरड झाल्यावर २०१९ मध्ये जीईडीमॅचने पोलिसांना दाखवायची परवानगी वेगळी मागायला सुरुवात केली. खुनी सापडला याचा आनंदच आहे हो, पण तेवढ्यावर सगळंच माफ होत नाही.

उल्हासनगरकर:
तुमचं हे अमेरिकेतलं भांडण चालू द्या. आमच्या सिंधी समाजात थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण जास्त आहे. आईवडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी सदोष जनुक बाळगून असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्याचा गंभीर प्रकार, होण्याची शक्यता २५ टक्के. अशा मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. 'घरच्यांना विचारून' म्हणाल तर आमच्याकडे तपासणीच व्हायची नाही! मुलगी वाहक निघाली की स्थळ फिरेल, या भीतीने घरचेच नको म्हणतात.

डॉ. आडमुठे:
उल्हासनगरकर, तुमचा मुद्दा सोळा आणे खरा, पण त्याला थुंकी परदेशी धाडावी लागत नाही. वाहक ओळखायला बहुतेकदा एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार मोजणारी साधी रक्ततपासणी पुरते, रिपोर्ट समजावून सांगायला समोर माणूसही असतो. घरपोच किटचं तसं नाही. स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित बीआरसीए जनुकांत धोकादायक बदल हजाराहून अधिक आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, ट्वेंटीथ्रीअँडमीला सुरुवातीला त्यातले तीनच सांगायची मुभा दिली, तेही मुख्यतः अश्केनाझी (मूळच्या मध्य-पूर्व युरोपातल्या) ज्यूंमध्ये आढळणारे. आपल्याकडची बाई 'काही सापडलं नाही' वाचून निर्धास्त झाली तर? संमतीपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते.

आणि विमा! जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा तिथला २००८ चा 'जीना' कायदा आरोग्यविमा आणि नोकरीपुरता आहे, आयुर्विम्याला लागू नाही. लक्ष्मीताई, भावाला हे माहीत आहे का?

टवाळभैरव:
म्हणजे दोष विमा कंपन्यांचा आणि अर्धवट किटचा. मग भावाला का झोडपताय? कायदा बदला की.

कडकलक्ष्मी:
कायदा बदलेपर्यंत नमुना तिथेच पडून राहणार ना? भावाला नमुना नष्ट करून खातं बंद करायला सांगितलंय. तो म्हणतो, आजोबांकडचे पूर्वज कुठले ते अजून बघायचं राहिलंय.