वाहतूक अर्थशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण: सुरुवात कुठून करावी?

दिवेघाट

नमस्कार. मी पुण्यात अर्थशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. शहराच्या मध्यभागात शिरणाऱ्या मोटारींवर सिंगापूरने १९७५ मध्ये शुल्क बसवले, असा उल्लेख सार्वजनिक वित्ताच्या तासाला झाला आणि तेव्हापासून रस्ते, भाडे आणि कोंडी यांच्या अर्थशास्त्राविषयी मिळेल ते वाचत आहे. याच विषयात पुढे शिकण्याची इच्छा आहे. परंतु मी पाहिलेल्या माहितीपत्रकांत जिथे ‘वाहतूक’ हा शब्द आहे, तिथे बहुधा स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी मागितलेली दिसते. अभियंता नसलेल्याला या क्षेत्रात वाव आहे का, आणि परदेशी जाण्याइतका खर्च करावा असा हा विषय आहे का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सीमान्त

वाव निश्चित आहे. गंमत अशी की, या विषयाचा पाया एका अभियंत्यानेच घातला: पुलावरचा टोल किती असावा, या प्रश्नाच्या निमित्ताने ज्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने १८४४ मध्ये जी मांडणी केली, तिच्यातून आपण पहिल्या वर्षाला शिकतो ते ‘उपभोक्त्याचे आधिक्य’ (ग्राहक जितके द्यायला तयार असतो आणि प्रत्यक्षात जितके देतो, त्यांतला फरक) पुढे आले. त्यामुळे कुंपणाच्या कोणत्या बाजूने आत यावे, याची फार चिंता करू नये.

नेमक्या याच नावाची एम.एस्सी. हवी असल्यास इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाची वाहतूक अध्ययन संस्था, जी १९६६ पासून कार्यरत आहे, तिचा विचार करावा. अभ्यासक्रम एका वर्षाचा असतो. मागणी, खर्च, भाडेआकारणी आणि प्रकल्पांचे खर्च-लाभ विश्लेषण हे मुख्य भाग. पण खरा कस लागतो तो अर्थमितीत, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याच्या शास्त्रात. एक उदाहरण देतो. समजा, एका रस्त्याने गेल्यास टोलचे १५० रुपये जास्त पडतात आणि पाऊण तास वाचतो. जो हा रस्ता निवडतो, त्याच्या वेळेचे मूल्य तासाला किमान २०० रुपये असले पाहिजे, असे सुरुवातीला शिकवतात. नंतरचे महिने हे उत्तर का अपुरे आहे, हे उमजण्यात जातात. टोल त्याच्या कंपनीच्या खात्यातून जात असेल, किंवा दुसऱ्या रस्त्यावरचा घाट रात्री उतरणे नको वाटत असेल, तर तो माणूस केवळ वेळ विकत घेत नसतो. मोठ्या रस्ते प्रकल्पांच्या हिशेबात लाभाचा सर्वांत मोठा वाटा बहुधा वाचलेल्या वेळेचाच असतो, म्हणून हा आकडा थोडा हलला तरी प्रकल्पाचे पारडे फिरते.

डॅनियल मॅकफॅडन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांचे सॅन फ्रान्सिस्को परिसरातील बार्ट रेल्वेविषयीचे काम अवश्य समजून घ्या. अधिकृत अंदाज १५ टक्के प्रवासी रेल्वेने जातील असा होता, त्यांच्या प्रतिमानाने (गणिती मॉडेलने) ६.३ टक्के सांगितले आणि प्रत्यक्षात ६.२ टक्के निघाले. लोक उपलब्ध पर्यायांतून निवड कशी करतात, याच्या या सिद्धान्तासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळाले.

ठाणेकर_अभियंता

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे. मात्र केवळ पदवीवरच्या नावासाठी लाखो रुपयांचे कर्ज काढणे मला पटत नाही. भारतात राहून अर्थमिती कसून शिकवणाऱ्या विभागात एम.ए. करावे आणि प्रबंधाचा विषय वाहतुकीतला घ्यावा, हा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. तुमच्या पुण्यातलीच परंपरा पाहा: अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या कारकिर्दीत गोखले संस्थेने मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटारबस वाहतुकीची पाहणी १९३५ मध्ये प्रसिद्ध केली होती. त्या काळी या नावाची पदवी कोणाकडे होती?

एम.टेक.ला आम्हाला चार टप्प्यांचे प्रतिमान शिकवतात: प्रवास किती निर्माण होतील, कुठून कुठे जातील, कोणत्या साधनाने आणि कोणत्या मार्गाने. हे तुम्हालाही यायला हवे, कारण डीपीआरमधील (सविस्तर प्रकल्प अहवालातील) प्रवासीसंख्येचा अंदाज इथूनच येतो आणि आर्थिक विश्लेषणाचे प्रकरण त्यावरच उभे राहते. प्रत्यक्ष प्रवासी अंदाजापेक्षा पुष्कळ कमी निघणे मेट्रो प्रकल्पांना नवे नाही. तो अंदाज तपासून शंका विचारू शकणारा अर्थतज्ज्ञ सल्लागार कंपन्यांत मला क्वचितच भेटला आहे. नोकरीच्या दृष्टीने तुमची जागा हीच आहे, असे मी म्हणेन.

आगार_क्रमांक

प्रबंधासाठी विषय सुचवते: मुंबईच्या बेस्ट बसची भाडी. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणले गेले आणि मे २०२५ मध्ये ते १० रुपये झाले. भाडे १० टक्क्यांनी वाढले की प्रवासी साधारण ३ टक्क्यांनी घटतात, असा अमेरिकेतला जुना ठोकताळा आहे; पण तो लहान बदलांसाठीचा, आणि इथे तर किमान भाडे दुप्पट झाले.

अडचणही लक्षात घ्या. कपातीनंतर आठच महिन्यांत टाळेबंदी लागली आणि पुढे बराच काळ लोकल सर्वसामान्यांना बंद असल्याने कित्येकांना नाइलाजाने बस धरावी लागली. शिवाय मधल्या काळात बेस्टच्या स्वतःच्या गाड्या कमी होत गेल्या. प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, फेऱ्या वाढल्या की थांब्यावरची प्रतीक्षा सर्वांचीच कमी होते, म्हणून बसला अनुदान द्यावे, असा युक्तिवाद अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट मोहरिंग यांनी १९७२ मध्ये केला. गाड्या घटल्या की हेच चक्र उलटे फिरते. मग प्रवासी घटले ते भाड्यामुळे की गाडी वेळेवर न आल्यामुळे, हे वेगळे काढून दाखवणे हाच तुमचा प्रबंध.

दिवेघाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भाडे आणि प्रतीक्षा यांचे परिणाम वेगळे काढण्याचा प्रश्न मला फारच आवडला. मात्र बी.ए.च्या विद्यार्थ्याला मार्गनिहाय आकडेवारी कोण देणार? आणि तोवर गणिताची कोणती तयारी ठेवावी?

सीमान्त

मार्गनिहाय प्रवासीसंख्येसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. उत्तर यायला वेळ लागेल, म्हणून तो आधी टाका. तोपर्यंत २०११ च्या जनगणनेतील कामावर जाण्याचे अंतर व साधन यांची कोष्टके पाहावीत. ती जुनी असली तरी सराव करायला उत्तम आहेत. गाडी किती वेळाने येते, हे मात्र स्वतः थांब्यावर उभे राहून वहीत टिपावे, कारण वेळापत्रकातील दहा मिनिटे आणि प्रवाशाच्या वाट्याची दहा मिनिटे सारखी नसतात: दोन गाड्या पाठोपाठ आल्या की सरासरी तीच राहते, प्रतीक्षा वाढते. गणितात संभाव्यता, रेषीय बीजगणित आणि समाश्रयण (रिग्रेशन) पक्के करा, आणि ‘आर’ ही मोफत संगणकप्रणाली आत्ताच हाताळायला घ्या. लॉजिट, म्हणजे प्रवासी कोणता पर्याय निवडेल याची शक्यता काढणारे प्रतिमान, त्यानंतर जड जाणार नाही.